पहिल्यांदाच स्विस लीग स्पर्धा घेताय?

शाळेच्या सभागृहात बुद्धिबळ स्पर्धा घ्यायची तर स्विस पद्धतच धरा, म्हणजे दर फेरीत साधारण सारखे गुण असलेले समोरासमोर येतात. हरलेला घरी जात नाही, शेवटच्या फेरीपर्यंत खेळतो. लहान मुलांसाठी मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. 1895 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला ही पद्धत वापरली गेली, म्हणून हे नाव.

64 खेळाडू असतील तर किमान 6 फेऱ्या हव्यात. दिवसात बसत नसतील तर डावाची वेळ कमी करा, फेऱ्या नको.

पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याच्या जोड्या, स्विस-मॅनेजर या सॉफ्टवेअरवर करून चेस-रिझल्ट्स या वेबसाइटवर चढवा. पालक मोबाइलवरच पट क्रमांक बघतात, भिंतीपाशी झुंबड होत नाही. पण खरी काळजी त्याआधीची: नोंदणी बंद करा, हजेरी घ्या, न आलेल्यांना वगळा, मगच बटण दाबा. एकदा मी 1-0 च्या जागी 0-1 भरलं आणि पुढची फेरी सुरू झाल्यावर ते कळलं. त्या मुलाचा रडवेला चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून दोघांच्या सह्यांची चिठ्ठी घेतो आणि भरलेले निकाल दुसऱ्याकडून वाचून घेतो.

गुण सारखे झाले तर क्रम बुखोल्झने ठरतो; बुखोल्झ म्हणजे आपल्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज, हे पालकांना पहिल्या फेरीआधीच समजावा. बक्षिसाच्या वेळी कुणी ऐकून घेत नाही. खेळाडू विषम असतील तर एकाला बाय (त्या फेरीत न खेळताच गुण) मिळतो, त्याच मुलाला पुन्हा नाही. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी सॉफ्टवेअरने लावलेली जोडी हाताने बदलू नका. प्रत्येक फेरीनंतर फाइलची प्रत मात्र पेनड्राइव्हवर घ्याच.