होडीवरचा स्टिरिओ : पाणी समोरून नाही, मागून शिरतं

प्रश्न : देवबागला माझी पर्यटकांना फिरवणारी फायबरची होडी आहे, आउटबोर्ड इंजिनची. दिवाळीत तिच्यावर गाडीतला साधा स्टिरिओ आणि दोन स्पीकर बसवले. होळीपर्यंत आवाज फाटायला लागला, मग सगळंच बंद. आता वॉटरप्रूफ सेट घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, ‘आयपी ६७ आणि २०० वॉटचा घ्या, निर्धास्त राहा.’ काय घेऊ, कुठे बसवू? आणि बॅटरी उतरणार नाही ना? – एक होडीमालक, ता. मालवण

उत्तर : नवा घेण्याआधी जुना सेट उघडून बघा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरांचं वायरिंग करताना मी असे बरेच सेट खोलले आहेत. बहुतेकांचा चेहरा ठणठणीत असतो आणि मागच्या पिना हिरव्यागार. होडीवरचा सेट लाटेने मरत नाही, खाऱ्या हवेने मरतो, आणि ती हवा जोडांतून आत जाते. म्हणून सेटवर जेवढा विचार कराल तेवढाच वायरवर करा.

आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती रोखलं जातं त्याचा दर्जा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालेल. पण बुडवण्याची परीक्षा वेगळी आणि पाण्याच्या फवाऱ्याची वेगळी. फवाऱ्यासाठी ५ किंवा ६ लागतो. संध्याकाळी पाइप लावून होडी धुणार असाल, तर ६७ एकटा पुरेसा नाही. ६६ बघा, किंवा ६६ आणि ६७ दोन्ही छापलेला. हा आकडा बऱ्याचदा फक्त दर्शनी भागाचा असतो, हेही माहितीपत्रकात वाचा. शिवाय त्यात मिठाचा काहीच हिशेब नाही. मीठफवारा आणि उन्हाची चाचणी केल्याचं वेगळं लिहिलेलं असतं. ते नसेल तर तो सेट होडीसाठी बनवलेला नाही असं समजा.

२०० वॉटचं सांगतो. खोक्यावर ५० गुणिले ४ असतं. त्याच सेटचा फ्यूज बघा, बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा. १२ व्होल्टला १५ अँपिअर म्हणजे सेट आतच १८० वॉट घेणार, मग बाहेर २०० कुठून देणार? ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती ते विचारा. प्रत्येक चॅनेलला १५ ते २० मिळाले तरी तुमच्या होडीला पुष्कळ. दोन मोठे स्पीकर किंचाळवण्यापेक्षा छपराखाली चार लहान लावा आणि आवाज कमी ठेवा. स्पीकर कागदी कोनाचे नकोत. पॉलीप्रॉपिलीनचा कोन, रबरी कडा. तोंड किंचित खाली झुकलेलं असावं, म्हणजे पाणी साचणार नाही. स्क्रू ३१६ स्टीलचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या स्टेनलेसचे.

आता वायर. साधी तांब्याची नको, कलई केलेली, म्हणजे टिन्ड, घ्या. बॅटरीपासून सेट पाच मीटरवर असेल तर ४ चौरस मिलिमीटर. पिवळी वायर कायम बॅटरीला, लाल स्विचमधून, काळी निगेटिव्हला. काळी इंजिनच्या बोल्टला अडकवू नका, सरळ बॅटरीपर्यंत न्या. फ्यूज बॅटरीजवळ, वीतभर अंतरात. सेटजवळच फ्यूज लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काही वाचवत नाही. पिळा मारून टेप गुंडाळणं पूर्ण बंद करा. क्रिंप करा, म्हणजे जोड पकडीने दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. सेटमध्ये शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या, थेंब तिथूनच गळून जाईल. सेटसाठी पॅनलला कापलेल्या भोकाच्या कडेला सिलिकॉन भरणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारा नको, तो तांबं खातो.

सेट उभ्या पॅनलवर बसवा, आडव्यावर नाही. पेट्रोलची टाकी असलेल्या बंद कप्प्यात सेट, स्विच, फ्यूज काहीही नको. एक ठिणगी पुरते. होकायंत्र असेल तर स्पीकर किमान मीटरभर लांब ठेवा, चुंबकाने सुई हलते. बसवून झाल्यावर आवाज चालू-बंद करून सुई नक्की तपासा.

बॅटरी मात्र उतरणारच, जर इंजिनचीच वापरली तर. तुमच्या देवबागजवळच्या त्सुनामी आयलंडला लोक पाण्यात खेळत असतात, इंजिन बंद, गाणी चालू. संथ चालवतानाही आउटबोर्ड फार चार्ज करत नाही. पाच अँपिअरने सहा तास वाजवलं तर ३० अँपिअर-तास गेले. स्टिरिओला वेगळी बॅटरी द्या आणि व्होल्टमीटर लावा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना, विश्रांतीत, १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली, तिथे थांबा.

एक माझी आग्रहाची विनंती : माइकची सोय असलेला सेट घ्या. लाइफ जॅकेट कसं बांधायचं, कोणी उभं राहायचं नाही, हे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. गाणी त्यानंतर. आणि पावसाळ्यात होडी वर ओढाल तेव्हा सेट काढून घरी न्या.

प्रश्न : होडीवरच्या व्हीएचएफ बिनतारी संचाचाच अँटेना स्टिरिओच्या एफएमला जोडला तर चालेल का? – एक वाचक, हर्णे

उत्तर : नाही. व्हीएचएफचा अँटेना १५६ मेगाहर्ट्झच्या आसपास जुळवलेला असतो, एफएम ८८ ते १०८ मध्ये. साध्या स्प्लिटरने दोन्ही जोडलेत आणि मदत मागण्याच्या १६ नंबर चॅनेलवर बोलायला बटण दाबलंत, तर २५ वॉटच्या ताकदीचा काही भाग थेट स्टिरिओत जाईल आणि तो जळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, मदत मागायची वेळ आली तर तुमचा संदेश अशक्त होऊन बाहेर पडेल. एफएमला वेगळी छोटी अँटेना लावा, व्हीएचएफच्या वायरीपासून लांब.