ओझे आधी, चेहरा नंतर

अंबाजोगाई

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली सात चित्रे चार दिवस भिंतीला टेकवून ठेवली आणि येता-जाता पाहिली. चेहरे तुला साधतात, लुगड्याच्या निऱ्या नेमक्या उतरतात. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीत बसलेला हात त्यांत दिसतो. तरीही त्यातला एकही माणूस मला जमिनीवर उभा वाटला नाही, आणि हे पत्र तेवढ्याचसाठी लिहीत आहे.

तुझ्या वयाचा असताना मी बीडकडच्या ऊसतोड टोळीतल्या एका बाईचे मोठे चित्र छायाचित्रावरून रंगवले होते. मोळी ज्यांनी बांधली ते वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तेसुद्धा एकेक करून रंगवले होते. टोळीतल्या एका वयस्क बाईने ते बराच वेळ पाहिले आणि ती एवढेच म्हणाली, ‘मोळी लई हलकी हाय की हिची.’ तिचे खरे होते. मोळी चित्रात होती, तिचे ओझे नव्हते. पुढच्या हंगामात मी कॅमेरा घरी ठेवून फडावर गेलो आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळी घेऊन चढणाऱ्या बायका नुसत्या पाहत बसलो. एक हात मोळीवर, दुसरा अंगापासून दूर. पाऊल फळीवर पूर्ण टेकल्याशिवाय मागची टाच उचलत नाही. मान जवळजवळ हलतच नाही, सगळा तोल कमरेत सांभाळला जातो. छायाचित्रात हे सगळे असते, पण ते एका क्षणाचे असते, आणि त्याच्या आधीचे व नंतरचे पाऊल ठाऊक नसेल तर त्या क्षणाचा अर्थ हाताला कळत नाही.

म्हणून आकृती काढताना चेहऱ्यापासून सुरुवात करू नकोस. गवंडी ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, सोडतो तसा गळ्याच्या खळगीतून मनातल्या मनात एक ओळंबा सोड. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल, तर तो ओळंबा त्या पायाच्या घोट्याजवळ येतो; त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. या तीन खुणा कोळशाने आधी पक्क्या कर. त्या चुकल्या तर वरची निरी कितीही सुंदर असो, माणूस उभा राहत नाही.

हेच अजिंठ्याला पाहा. लेणे क्रमांक १ मधल्या पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर जाशील तेव्हा मुकुट आणि निळे कमळ थोडा वेळ बाजूला ठेव, आणि खांद्यांची व कमरेची रेषा एकमेकींच्या उलट कशा कलल्या आहेत ते वहीत उतरव. मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली या चित्रांच्या नकला करत होते, आणि पुढे तिथल्याच नकला करवून घेणाऱ्या लेडी हेरिंगहॅम यांनी तिथली रीत नोंदवली आहे: पांढऱ्या पृष्ठावर आधी तांबडी बाह्यरेषा, तिच्यावर ती दिसत राहील असा मातकट हिरव्याचा पातळ थर, मग ज्या-त्या वस्तूचा स्वतःचा रंग, आणि शेवटी तपकिरी-काळ्याने पुन्हा रेषा. पहिली रेषा दुसऱ्या रेषेला वाट दाखवते. तू मात्र खोडरबराने ती पुसून टाकतेस. (तिथल्या पिवळसर झाकेला मूळ रंग समजू नकोस. निजामाच्या काळात १९२०च्या सुमारास इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले.)

तैलरंगात हीच शिस्त थरांची आहे. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, पुढचे थर क्रमाने अधिक तेलाचे. आपण ज्याची चटणी खातो त्याच जवसाचे हे तेल. ते पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन आळते. खालचा थर अधिक तेलकट असेल तर तो मागाहून सुकतो आणि वरचा आधीच कडक झालेला थर तडकतो.

रंगाबद्दल एकच सांगतो. तुझ्या कापूस वेचणाऱ्या बाईच्या हनुवटीखाली तू काळी सावली भरली आहेस. फुटलेल्या बोंडांच्या शेतात उन्हाच्या वेळी उभी राहून पाहा: खालचा पांढरा कापूस उजेड वर फेकतो आणि हनुवटीचा खालचा भाग गालाइतकाच उजळ दिसतो. काळ्याची ट्यूब महिनाभर बंद ठेव. सावली गेरू, जळका तपकिरी आणि थोडा निळा यांतून बनव.

कुणाला समोर बसवशील तर आधी विचार, आणि त्यांचा बुडालेला रोज त्यांच्या हातावर ठेव. तोही चित्राच्या खर्चातच धरावा.

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, बैल, ओझी वाहणारी माणसे, सगळे तिथे एका जागी सापडते. साधी वही आणि कोळसा घेऊन जा, प्रत्येक आकृतीला दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नकोस आणि खोडरबर घरी ठेव. पन्नास पाने झाली की फसलेली पानेही न वगळता मला पाठव. मी प्रत्येक पानावर ओळंबा काढून परत पाठवीन.

तुझा,
सर