एडीएचडी आहे आणि ध्यानाला बसवत नाही म्हणणाऱ्या मैत्रिणीला, जरा लांबलचक

अगं, तुझा प्रश्न वाचून आधी हसूच आलं, कारण सहा वर्षांपूर्वी मी अगदी हेच विचारत फिरत होते. छत्तिसाव्या वर्षी तुझं एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही, मन सारखं भरकटतं, तो त्रास) निघालं, जो तो म्हणतोय मेडिटेशन कर, दोन मिनिटं बसवत नाही, क्लासमधल्या सरांनी "मन लागत नाही म्हणजे श्रद्धा कमी पडते" असं ऐकवलं, आणि साधना सुरू केली तर गोळ्या सोडता येतील का, असं तू लिहिलंयस. शेवटचं आधी सांगते. नाही. गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत, जे काय असेल ते डॉक्टरांशी बोलून. माझी गोळीही चालू आहे आणि माळही, दोघींचं अजून एकदाही भांडण झालेलं नाही.

माझं निदान ४१व्या वर्षी झालं, तेही लेकामुळे. शाळेतून बोलावणं आलं म्हणून त्याला घेऊन गेले, मॅडम त्याच्याबद्दल एकेक विचारत होत्या आणि मी मनातल्या मनात स्वतःचीच उत्तरं देत होते. तोवर मी म्हणजे लहानपणी धांदरट, कॉलेजात "हुशार आहे पण आळशी", सासरी "हिचं लक्षच नसतं". आपल्यासारख्या मुली बहुतेक वेळा बाकावरून उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत गप्प बसतात, मग कुणाला कळणार? दहावीपर्यंत आई मागे उभी असायची म्हणून मार्कही बरे पडले, पुढे घर नोकरी मूल सगळं एकदम अंगावर आलं तेव्हा गाडी रुळावरून घसरली. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी होती का हे डॉक्टर बघतात (आधी ही अट ७ वर्षांची होती, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात, १२ केली), म्हणून माळ्यावरून जुनी प्रगतिपुस्तकं काढली. पाचवी, सहावी, सातवी, शेरा एकच: वर्गात लक्ष नसते. आईने ती इतकी वर्षं जपून ठेवली होती याचंच मला जास्त रडू आलं, असो.

आता ध्यानाचं. आपला घोळ इथेच होतो की ध्यान म्हणजे मन एका जागी बांधून ठेवायचं असं आपल्याला वाटतं, मग ते पळालं की नापास. खरं काम पळालेलं लक्षात येण्याचं आहे. लक्षात आलं, परत आणलं, झाली एक खेप. तुझं मन दहा मिनिटांत पन्नास वेळा पळत असेल तर पन्नास खेपा झाल्या, शेजारच्या काकूंच्या पाचच.

मला हे कळलं ते दुधापायी. गॅससमोरच उभी होते बरं का, आणि तरी उतू गेलं, कारण डाळीच्या पुडीचा कागद वाचत होते. चर्र आवाज, जळका वास, बर्नरवर साय. असं काही झालं की नेहमी डोक्यात टेप लागते आणि मी तिच्यात वाहून जाते, त्या दिवशी पहिल्यांदा ती लागताना ऐकू आली. "एक काम धड होत नाही हिच्याच्यानं." आणि मला चक्क जाणवलं की अरे, हे शब्द तर आत्याचे, हेलही तिचाच, सांगलीकडचा! छातीत गरम, कान तापलेले. गॅस बंद केला, फडकं घेतलं, पुसता पुसता ते ओसरलं, दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. एरवी हेच मी दुपारपर्यंत डोक्यावर घेऊन फिरायचे आणि कुणावर तरी ओरडून मोकळी व्हायचे.

बसवत नाही तर बसू नकोस. २००८ साली अमेरिकेत यूसीएलए या विद्यापीठाच्या लोकांनी एडीएचडीवाल्यांसाठी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा (आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष ठेवायचं, अशा ध्यानाचा) कार्यक्रम करून बघितला, त्यातसुद्धा सुरुवात पाच मिनिटांनी होती आणि चालत करायचं ध्यानही होतं. २४ मोठी माणसं आणि ८ किशोरवयीन मुलं, म्हणजे अभ्यास छोटाच, तुलनेला दुसरा गटही नव्हता, पण बहुतेकांनी पूर्ण केला आणि त्यांना फरक जाणवला. चमत्कार म्हणून नको बघूस, आधार म्हणून बघ. मी गच्चीवर फेऱ्या मारते, टाच टेकली, चवडा टेकला, एवढंच. किंवा मेथी निवडते. आणि आजीची तुळशीची माळ. १०८ मणी, मेरुमणी आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. आपल्यासारख्यांसाठी ही काय सोय आहे बघ, हाताला चाळा मिळतो, तोंडाला नाम, आणि मन बाजारात जाऊन आलं तरी बोट मण्यावरच असतं, परत यायला जागा सापडते.

अजून एक, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कालनिर्णयवर मी रोज एक खूण करायचे, बरं झालं तर टिंब, नाही जमलं तर फुली. तीन महिन्यांनी पानं उलटून बघते तर फुल्या सगळ्या गठ्ठ्याने, पाळीच्या आधीच्या आठवड्यात. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाल्या, त्या दिवसांत इस्ट्रोजेन खाली येतं, खूप जणींची लक्षणं तेव्हा वाढतात, आणि पाळी जायच्या वयात तर अजूनच. आणि मी वर्षानुवर्षं त्याला "माझी साधना तुटली, मी नालायक" म्हणत होते! त्यात आमच्याकडे त्या चार दिवसांत माळेला हात लावायचा नाही. आपली सवय चार दिवस तुटली की कायमची तुटते, हे सासूबाईंना कसं समजावणार. भांडले नाही. माळ देव्हाऱ्यात राहू दिली आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, नामाला कसला आलाय विटाळ. (यावर कुणाला वाद घालायचा असेल तर घाला, मी उत्तर देणार नाही.)

विपश्यनेचं विचारलंयस. इगतपुरीचा दहा दिवसांचा कोर्स आपल्यासाठी पहिली पायरी नव्हे असं माझं मत. पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, फोन नाही, वाचन नाही, लिहिणं नाही, तेवढे दिवस तुझा जपही बाजूला ठेवायचा. फॉर्ममध्ये मानसिक आजार आणि औषधं विचारतात, तिथे खरं लिही, आणि जायच्या आधी तुझ्या डॉक्टरांना विचार. जाऊन आलेल्या ओळखीच्या दोघी आहेत, एक म्हणते जन्माचं सार्थक झालं, दुसरी म्हणते परत नाव काढू नकोस. माझा अनुभव विचारशील तर मी फॉर्म दोनदा भरलाय आणि दोन्ही वेळा कन्फर्मेशनचा मेल बघायचाच राहिला.