पीएस-टूचं (प्लेस्टेशन २ या गेम मशीनचं) चित्र धुरकट? आधी पिवळी पिन काढ

टीव्हीला शिव्या नको घालूस, मित्रा. पिवळ्या पिनेत रंग आणि प्रकाशाचा सिग्नल एकाच तारेतून येतो, म्हणून अक्षरांच्या कडांना रंग फुटतात. टीव्हीला कॉम्पोनंट इनपुट (चित्राचा सिग्नल तीन वेगळ्या तारांतून घेणारी जागा) आहे ना ते बघ, मगच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तीच केबल माग: लाल, हिरवी, निळी, शिवाय आवाजाच्या दोन. नुसतं ‘एचडीएमआयचं काहीतरी द्या’ म्हणालास तर भलताच डबा गळ्यात पडेल. केबल बदलण्याआधी पीएस-टूच्या सिस्टिम कॉन्फिगरेशन मेनूत आरजीबी काढून वाय-सीबी-सीआर (या केबलला लागणारा रंगाचा सिग्नल) निवड, नाहीतर रंगांचा शिमगा! टीव्हीवर गेम मोड लाव, चित्राची रुंदी-उंची ४:३ ठेव. ताणलेले बॅट्समन बघवत नाहीत. पीएस-वनचे (पहिल्या प्लेस्टेशनचे) बरेच गेम २४०पीमध्ये, म्हणजे २४० ओळींच्या चित्रात चालतात, काही नवे टीव्ही ते कॉम्पोनंटवर घेतच नाहीत. त्यासाठी माळ्यावरचा जुना डबा टीव्हीच बरा.