ज्या क्रूसावर येशूला मारलं, तोच ख्रिस्ती लोक गळ्यात का घालतात?

तुम्ही विचारलंय की ज्या लाकडावर तुमचा देव मेला ते मिरवण्यात कसला मान, आणि काही क्रूसांवर मूर्ती असते, काहींवर नसते, ते का.

मान नव्हताच. रोमन राज्यात ही शिक्षा गुलामांची आणि बंडखोरांची. उघडं करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, हळूहळू मारायचं. मराठी बायबलात म्हणून सरळ ‘वधस्तंभ’ म्हटलंय. क्रूस म्हटलं की दागिना आठवतो, वधस्तंभ म्हटलं की नाही. मला हाच शब्द जवळचा वाटतो.

आमचा विश्वास असा, की माणसाच्या पापाची शिक्षा येशूने स्वतःवर घेतली आणि देवाशी तुटलेलं नातं जोडलं. संडे स्कूलमध्ये हे पाठ केलं होतं. उमगलं मात्र बाबा गेले त्या वर्षी.

उत्तम शुक्रवारी आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून येशूने काढलेल्या सात उद्गारांवर एकेक प्रवचन होतं. नागपूरचं एप्रिलातलं ऊन, पंखे गरम हवाच फिरवत होते. आई शेजारी बसली होती, मुठीत रुमाल आवळून. पहिला उद्गार मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा, तो तिने शांतपणे ऐकला. चौथा आला: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आणि आई रडायला लागली. बाबांच्या मातीच्या दिवशीसुद्धा तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. परतताना ऑटोत म्हणाली, “त्यालाही असंच वाटलं ना रे. मग मला वाटलं तर माझा विश्वास कमी पडला असं नाही.”

माझ्यासाठी क्रूसाचा अर्थ तिथे आहे. आमचा देव दुःख वरून बघत बसला नाही, त्यात उतरला.

आता मूर्तीचं. नागपुरातल्या सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलसारख्या कॅथलिक चर्चमध्ये क्रूसावर येशूची मूर्ती दिसेल. त्याचं सोसणं नजरेपुढे राहावं म्हणून. आम्ही प्रोटेस्टंट बहुधा रिकामा क्रूस ठेवतो, कारण तिसऱ्या दिवशी तो मेलेल्यांतून उठला.

आईच्या उशाशी मात्र मूर्तीचाच क्रूस आहे. बाबांच्या आजारपणात शेजारच्या कॅथलिक काकूंनी दिलेला, लाकडी, तळहाताएवढा. त्याच्या एका हाताचा खिळा निघालाय. दुसरा आणतो म्हटलं तर ती आणू देत नाही.