छायाचित्रणाचा छंद : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझ्याकडे १.५ क्रॉपचा (सेन्सर लहान असल्याने चित्र १.५ पट जवळ आल्यासारखं दिसतं असा) कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. झाडावर बसलेल्या लहान पक्ष्यांचे फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसतात, पण कॉम्प्युटरवर मोठे केले की पुसट निघतात. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र मी ठरवतो, शटर स्पीड कॅमेरा), एफ/५.६ (हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान), आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनक्षमता १०० आणि शटर स्पीड बहुतेक वेळा १/१२५ च्या आसपास असतो. लेन्स बदलावी का?

उत्तर : लेन्स एवढ्यात बदलू नका, दोष तुम्ही दिलेल्या आकड्यांतच दिसतोय. तरी आधी खात्री करून घ्या. एक फोटो १०० टक्के मोठा करून नीट बघा. पक्षी, फांदी, पानं अशा सगळ्यांच्या कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसत असतील, तर हात हलला. फांदीची साल स्पष्ट आहे आणि पक्ष्याचं डोकंच तेवढं विरलंय, तर पक्षी हलला. पक्षी पुसट, पण त्याच्या पुढचं किंवा मागचं एखादं पान धारदार आलंय, तर फोकस चुकला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. नेमकं काय बिघडलंय हे न बघता सेटिंग बदलत राहिलं, तर हाती काही लागत नाही.

हात हलण्याचा हिशेब असा : लेन्सचे मिमी गुणिले क्रॉप करा आणि एक सेकंदाला त्या आकड्याने भागा, शटर निदान तेवढा वेगवान हवा. ३०० गुणिले १.५ म्हणजे ४५०, तेव्हा हातात धरून काढताना शटर स्पीड किमान १/५०० हवा. तुमचा १/१२५ त्याच्या दोन स्टॉप खाली आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, पक्ष्याची हालचाल थांबवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. लहान पक्षी बसलेला असला तरी मान सतत झटकत असतो, त्यासाठी १/१००० धरा. उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून जास्त लागतो.

१/१२५ वरून १/१००० वर जायचं म्हणजे तीन स्टॉप उजेड कमी झाला. तो आयएसओ १०० वरून ८०० वर नेऊन भरून काढा. आयएसओ वाढवायला पुष्कळजण कचरतात, पण फोटोत आलेले दाणे सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी कमी होतात, हललेला फोटो मात्र वाया गेलेलाच असतो. मॅन्युअल मोडवर एफ/५.६ आणि १/१००० पक्के करा, आयएसओ ऑटोवर ठेवा आणि त्याची वरची मर्यादा ३२०० किंवा ६४०० लावा. फोकस कंटिन्युअसवर (पक्षी हलला तरी सतत लागत राहणारा) आणि एकाच बिंदूचा ठेवा. कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर तीच वापरा.

एवढं करूनही दुपारचे फोटो मऊ येत असतील, तर पक्षी आणि तुम्ही यांच्यामधली हवा तपासा. तापलेल्या जमिनीवरून, पत्र्यावरून किंवा डांबरी रस्त्यावरून दूरचा पक्षी टिपताना हवेच्या लहरींमुळे तपशील विरघळतो. तिथे कोणतीच लेन्स कामाला येत नाही. सकाळी लवकर जा आणि अंतर कमी करा. मात्र घरट्याजवळ जाऊन अंतर कमी करू नका. पक्षी अंडी किंवा पिल्लं सोडून उडाला, इशाऱ्याचा आवाज काढू लागला किंवा चोचीत खाऊ धरून घरट्याबाहेर ताटकळत राहिला, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे सरा.

प्रश्न : बगळ्याचा फोटो काढला की पिसं पांढरीफटक होतात, एकही पीस वेगळं दिसत नाही. उलट धुक्यातला बगळा राखाडी येतो. असं का?

उत्तर : कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. फ्रेममध्ये गर्द पाणी जास्त आणि बगळा लहान असेल, तर दृश्य काळोखं आहे असं समजून मीटर उजेड वाढवतं आणि पिसांचा तपशील जळतो. धुक्यात फ्रेमभर पांढरंच असतं, तिथे ते उजेड कमी करतं. म्हणून गडद पार्श्वभूमीवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड स्टॉपमध्ये कमी-जास्त करण्याची सोय) उणे १ पासून सुरू करा, धुक्यात अधिक १ पासून. पडद्यावर जळालेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवा. पिसांवर लुकलुक दिसली तर आणखी १/३ खाली या.

मॅन्युअल मोडमध्ये आयएसओसुद्धा पक्का केलेला असेल, तर कॉम्पेन्सेशनने एक्स्पोजर बदलत नाही हे लक्षात ठेवा. ऑटो आयएसओ असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत बदलतं. निरभ्र उन्हात मीटरच्या भरवशावर न राहणं आम्हाला जास्त पटतं. सूर्य तुमच्या पाठीशी असताना आयएसओ ४००, एफ/८ आणि १/१६०० हे साधारण बरोबर एक्स्पोजर असतं. पांढऱ्या पक्ष्यासाठी १/२५०० करा. मग तो पाण्यावरून उडत झाडीसमोर आला तरी पिसं तशीच येतील, कारण त्याच्यावरचं ऊन बदललेलं नसतं. फोटो रॉ फाइलमध्येच (सेन्सरकडून आलेल्या कच्च्या माहितीत) काढा : १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. पूर्ण जळालेला भाग मात्र रॉमधूनही परत येत नाही.

प्रश्न : रस्त्यावरच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायचे आहेत, पण फोकस लागेपर्यंत क्षण निघून जातो.

उत्तर : फोकस आधीच लावून ठेवा. फुल फ्रेम (क्रॉप नसलेल्या, मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २८ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस मॅन्युअल आणि २.५ मीटरवर ठेवला, तर साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ३५ मिमीवर एफ/८ आणि ३ मीटर ठेवलंत, तर पट्टा १.९ ते ७.३ मीटरचा मिळतो. अंतराचा अंदाज येण्यासाठी घरात फरशीवर टेपने मोजून २.५ मीटरवर खूण करा आणि तिथे उभा माणूस फ्रेममध्ये किती मोठा दिसतो ते डोळ्यांत बसवा. चालत्या माणसांसाठी शटर १/२५० पुरतो, पळत्या मुलांसाठी १/५०० हवा. जागा आधी निवडा : भिंतीवर पडलेली तिरपी उन्हं, दाराची चौकट, जिन्याचं वळण. तिथे थांबा आणि माणसं येऊ द्या. माणसांच्या मागे पळण्यापेक्षा असे फोटो कितीतरी चांगले जमतात. कुणी हाताने नको म्हटलं तर कॅमेरा खाली घ्या, आणि मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्या माणसाला विचारा.

प्रश्न : घरातल्या एलईडी दिव्याखालच्या फोटोंत आडवे काळपट पट्टे येतात. सेन्सर बिघडला का?

उत्तर : नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात आणि इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचतं, म्हणून काही ओळी मंद क्षणी सापडतात. मेकॅनिकल शटर लावा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. वीज ६० हर्ट्झची असेल तिथे १/६० किंवा १/१२०.

प्रश्न : ५० मिमीच्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावून किडे टिपतो. डोळा स्पष्ट आला की पाय जातात, पाय आले की डोळा. एफ/२२ करूनही फोटो मऊच.

उत्तर : किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटत असेल, तर एफ/८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम १ मिमी असते. एफ/१६ ला ती दुप्पट होते, पण इतक्या जवळून ॲपर्चर प्रत्यक्षात दोन स्टॉपने लहान होऊन वागतं. तुमचं एफ/२२ तिथे एफ/४४ सारखं काम करतं आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच मऊ पडतं. एफ/८ ते एफ/११ मध्येच राहा. ५० मिमीच्या लेन्सला ट्यूब २५ मिमीची लावलीत तर आकार निम्मा उमटतो, पण खोली जास्त मिळते. तिथूनच सुरुवात करावी असं आमचं मत आहे.

खोली वाढत नसेल तर किड्याला तिच्यात बसवा : त्याची कूस सेन्सरला समांतर येईल अशा कोनात जा, म्हणजे डोळा आणि पाय एकाच प्रतलात येतात. फोकस रिंग हलवू नका. स्वतःच श्वास रोखून दोन-तीन मिलिमीटर पुढेमागे झुला आणि डोळ्यावर पाच-सहा फोटोंची मालिका घ्या. फ्लॅश कमी ताकदीवर, १/१६ किंवा १/३२ वर ठेवा. त्याची चमक इतकी क्षणिक असते की थरथर गोठते. पुढे ट्रेसिंग पेपरचे दोन पदर लावा, नाहीतर किड्याच्या पाठीवर पांढरा ठिपका येतो. पहाटे गारव्यात किडे सुस्त असतात, तीच वेळ गाठा. किड्यांना फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करण्याची युक्ती काही जण सुचवतात, ती कृपया करू नका. फोटोसाठी जिवाचे हाल करणं गैर आहे.

प्रश्न : कपाटातल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय. साफ करता येईल का?

उत्तर : ॲपर्चर पूर्ण उघडून मागच्या बाजूने टॉर्च मारा. सुटे ठिपके दिसले तर धूळ आहे, फोटोवर तिचा फारसा परिणाम नसतो. फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसले तर बुरशी. बाहेरच्या काचेवरची बुरशी लेन्स क्लीनरने निघते. आतली काढायला लेन्स उघडावी लागते, ते काम जाणकार दुरुस्तीवाल्याचं. उशीर केलात तर बुरशी काचेवरचा लेप खाते आणि मग पुसूनही डाग राहतो. तोवर ही लेन्स इतरांपासून वेगळी ठेवा.

पुढे बुरशी लागू नये म्हणून रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) एवढं पुरतं. २० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राहते का ते बघा. ६० च्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो, ३० च्या खाली गेली की वंगण आणि रबर सुकतं. जेलचे दाणे नारिंगी रंगाचे घ्या. निळ्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. नारिंगी दाणे हिरवे पडले की १२० अंशांवर दोनेक तास तापवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात ठेवा. तांदूळ ठेवू नका, त्याची पूड लेन्समध्ये जाते. चामड्याच्या पिशवीतही लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.