आंब्याची पेटी पाठवू का?

प्रश्न: मी देवगडची. माझ्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद दिल्लीच्या एका साहित्य-एजंटला मेलने पाठवून अडीच महिने झाले. पोच आली, मग सगळं सामसूम. फोन करू का? आमचे हे म्हणतात, हापूसची पेटी पाठव.

उत्तर: पेटी घरातच ठेवा, ताई. फोनही नको. आधी त्यांच्या वेबसाइटवर उत्तराची मुदत दिली आहे का बघा. कुणी ६ आठवडे म्हणतं, कुणी १२. काही जण तर ‘उत्तर नाही म्हणजे नकार’ असं सरळ लिहून ठेवतात. मुदत उलटली की आठवडाभर थांबा आणि त्याच जुन्या मेलला जोडून तीन ओळी लिहा: कादंबरीचं नाव, पाठवल्याची तारीख, ‘वाचन कुठवर आलं?’ हस्तलिखित पुन्हा जोडू नका. मी एका प्रकाशकाला जोडलं होतं, ‘सुधारित प्रत’ म्हणून, ९ दिवसांत दोनदा! वेंगुर्ल्यात पावसात वीज गेलेली, आणि मी मोबाइलच्या उजेडात अनुस्वार दुरुस्त करतोय. उत्तर एका ओळीचं आलं: ‘पक्कं झालं की पाठवा.’ कान लाल झाले.

‘फक्त आम्हालाच’ अशी अट नसेल, तर इतर एजंटांकडेही पाठवा. कुणाचा होकार आला, तर बाकीच्यांना लगेच कळवा. वाचनाचे पैसे मागणाऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. एजंट कमिशनवर जगतो, बहुधा १५ टक्के, तेही पुस्तक प्रकाशकाला विकलं गेल्यावर.

पेटी करारानंतर पाठवा. तोवर हापूस संपला, तर फणसपोळी चालेल.